एकोणिसाव्या वाक्यानंतर

१

रोज सकाळी दुकान उघडलं की आम्ही आधी अण्णांना बोलतं करतो. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून कामावर आहे, आणि तो आपल्या दोघांपेक्षा वेळेवर येतो, असं दादा मला ऐकवतो.

आमचं काम रेकॉर्ड प्लेअरच्या सुयांचं. लोक सुई म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. खरी असते ती हिऱ्याची कणी, तिळाहून कितीतरी लहान, एका बारीकशा नळीच्या टोकाला बसवलेली. नळीच्या दुसऱ्या टोकाला चुंबकाचा कण, त्याच्या शेजारी तारेची वेटोळी, आणि नळी ज्यावर डुलते ते रबराचं कडं. हे सगळं ज्या बोटाच्या पेराएवढ्या डबीत मावतं ती कार्ट्रिज. रेकॉर्डवरच्या खाचेत हिरा थरथरतो, नळी चुंबकाला हलवते, तारेत वीज उठते आणि स्पीकरमधून माणूस बोलतो. आता घासलं की झिजणार. हिरा झाला म्हणून काय झालं, हजारएक तासांत तो दोन्ही बाजूंनी सपाट होतो, त्या सपाटीला धार येते आणि ती धार रेकॉर्डच खरवडायला लागते.

झीज पहिल्यांदा कळते ती 'स' आणि 'श'मध्ये. बारीक, वरचे आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. म्हणून अण्णांनी स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्ड करून घेतली. बत्तीस वाक्यं, सगळी स आणि श यांनी खच्चून भरलेली. 'सहा शहाणे शिंपी सशासाठी शेला शिवतात' हे त्यातल्या त्यात शहाणं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आम्ही दोघंही होतो. मी आठ वर्षांचा, दादा बारा वर्षांचा. कोपऱ्यातल्या बाकावर बसवून अण्णांनी दम दिला होता की श्वास घ्यायचा तर गुपचूप घ्या.

त्या रेकॉर्डच्या पन्नास प्रती काढल्या. एक प्रत तीनशेएक वेळा वाजवली की बाद, मग दुसरी. प्रत्येक वेळी पाकिटावर पेन्सिलीची एक रेघ. दुरुस्त केलेली किंवा नवी बसवलेली कुठलीही सुई या रेकॉर्डवर वाजल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. दादा कानानं ऐकतो, मी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. अण्णांचा नियम होता की स फाटला तर दोष सुईचा धरायचा, रेकॉर्डला नावं ठेवायची नाहीत. इतक्या वर्षांत आम्ही ती ठेवली नाहीत.

पन्नासावी, म्हणजे शेवटची प्रत आम्ही चार वर्षांपूर्वी काढली. तिच्या पाकिटाच्या दोन्ही बाजू रेघांनी भरल्या, मग दादानं दुसरं पाकीट घेतलं. तेही भरत आलं होतं. एवढ्या रेघांनंतर ती रेकॉर्ड खरखरायला हवी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. चांगल्या चाललेल्या वस्तूकडे कोण बघतं?

२

गाणं शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. आम्ही त्यांना आपापसात सूरबाई म्हणतो. त्यांच्या प्लेअरला मी नवी सुई बसवली होती. नवं रबर बसायला आठवडा लागतो, म्हणून आठ दिवसांनी दाखवायला या, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. त्या आल्या. दादानं कार्ट्रिज आमच्या प्लेअरला लावली, रेकॉर्ड ठेवली, डोळे मिटले. तिसऱ्याच वाक्याला त्यानं आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उचलला.

"फाटतोय."

"काय फाटतंय?" सूरबाईंनी विचारलं. "मला तर स्वच्छ ऐकू येतंय."

"स फाटतोय बाई. सुई गेली."

मलाही स्वच्छच ऐकू आलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर भावाला खोटं पाडायचं नाही म्हणून मी गप्प बसलो. बाईंना दुसरी सुई देऊन वाटेला लावलं आणि पहिली सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. हिऱ्याचं टोक गोल होतं, त्यावर एकच छोटासा चकाकता ठिपका होता. झिजलेल्या सुईवर दोन्ही बाजूंना दोन चपटे आरसे दिसतात. इथे काहीच नव्हतं.

"कानसेन, जरा इकडे या," मी म्हणालो. "बघा. कोरी करकरीत आहे."

"शास्त्रज्ञ, तुमचा डोळा सांगतो ते तुम्ही बघा. माझा कान सांगतो ते मी ऐकतो."

"या महिन्यातली ही चौथी सुई दादा. चारही चांगल्या होत्या."

दादाला मी चुकलेला फार वेळा बघितलेलं नाही, आणि चूक काढली की तो नाक फुगवून बसतो. या वेळी तसं झालं नाही. तो खुर्चीत बसला आणि हाताची बोटं बघत राहिला. मला एकदम वाईट वाटलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, कानावर पोट, आणि वरचे आवाज आधी जातात हा नियम माणसाच्या कानालाही लागू आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दादा काचेच्या खोलीत बसला, कानात आवाज सोडले, त्यानं बोटं वर केली. डॉक्टर बाहेर आले ते कागद माझ्यापुढे धरूनच.

"यांना काय झालंय? चाळिशीतल्या माणसाला हेवा वाटावा असं ऐकतायत हे."

"मग स फाटल्यासारखा का ऐकू येतो?"

"ते मला माहीत नाही. पण मला एक सांगा," डॉक्टरांनी आवाज खाली घेतला, "यांनी नवे दात बसवलेत का? बोलताना यांचा स उमटत नाहीये. नुसती हवा येतेय."

दात सगळे त्याचे स्वतःचे होते. मी रोज आठ-नऊ तास त्याच्या शेजारी बसतो आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

३

दादा दातांच्या डॉक्टरकडे गेला त्या दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा होतो. म्हटलं, एकदा नीट ऐकू. सूरबाईंची बाद केलेली सुईच लावली.

अण्णा बोलले. इतके स्वच्छ की मी आवाज कमी करायला हात पुढे केला. 'सहा शहाणे शिंपी' म्हणताना त्यांचे ओठ सुटल्याचा बारीकसा आवाज ऐकू आला. कागद उलटल्याचा आवाज आला. सदऱ्याच्या बाहीचं बटण टेबलावर आपटलं. मी ही रेकॉर्ड हजारो वेळा ऐकलेली आहे. ते बटण मी कधीच ऐकलं नव्हतं.

माणूस कारणं शोधतोच. मीही शोधली. जुन्या प्रती वाजवल्या तेव्हा आमचे स्पीकर साधे होते. तेव्हा बाहेर रहदारी असायची, आज नाही. आज मी मुद्दाम कान देऊन ऐकतोय. तीनही कारणं पटण्यासारखी होती. तरी मी रेकॉर्ड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

खाचेच्या भिंती काळ्या आणि चकचकीत होत्या. हजाराच्या वर वेळा वाजलेल्या रेकॉर्डची खाच मला माहीत आहे, ती पांढुरकी होते, कडांवर भुसा दिसतो. इथे भुशाचा कण नव्हता. दुकानात बाद केलेली एकोणपन्नासावी प्रत पडून होती, ती काढून शेजारी ठेवली. ती चांगली खरवडलेली, हवी तशी होती.

म्हणजे सुई झिजत नाही आणि रेकॉर्डही झिजत नाही. मग घासतंय काय? पाकीट उचललं आणि सवयीनं पेन्सिलीची एक रेघ मारली.

४

रविवारी वहिनींनी फोन करून घरी बोलावलं. वहिनी तशा खमक्या, उगाच घाबरणाऱ्यातल्या नव्हेत. स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊजी, यांच्याशी तुमचं काही वाजलंय का?"

"नाही हो. का?"

"मग हे असं तोलून-मापून का बोलतात? एक शब्द उच्चारायला जातात, थांबतात, दुसराच घेतात. मला नावानं हाक मारायचे, आता 'अगं' म्हणतात. काल हे मागे येऊन उभे राहिले तरी मला कळलं नाही. चपला घातलेल्या होत्या पायात. मी वळले आणि किंचाळलेच."

बाहेरच्या खोलीत दादा चहा घेऊन बसला होता. मी समोर बसलो. तो म्हणाला, "काय रे छोट्या, एवढा गंभीर का? वय झालं की घरात गोंधळ व्हायचाच. उद्या दुकान बंद ठेवू आणि दोघं फिरायला जाऊ."

साधंच बोलणं. पण मी आमच्या धंद्यातला माणूस. त्यात एकही स नव्हता, एकही श नव्हता. त्यानं निवडून निवडून शब्द घेतले होते. पायाखाली खडा लागू नये म्हणून आपण जसे बघून चालतो, तसं.

"दादा, 'सुई' म्हण," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. 'उई' असंही धड नाही, वाऱ्यासारखं काहीतरी आलं. मग तो हसला, आणि हसण्यातही फक्त खालचा घरघरता भाग होता.

त्यानं चहात चमचा फिरवला. त्याची सवय अशी की तीनदा ढवळायचं आणि कपाच्या कडेवर दोनदा टकटक करायचं. लहानपणी अण्णा त्यावरून ओरडायचे. त्यानं तीनदा ढवळलं, दोनदा आपटलं. चमचा कपाला लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आवाज झाला नाही.

मी माझा चमचा उचलून माझ्या कपावर आपटला. टण्ण वाजला. दादा माझ्याकडे बघत होता आणि मला काय कळलंय ते त्याला कळलं होतं. त्यानं डोळ्यानंच स्वयंपाकघराकडे खूण केली, तिला बोलू नको म्हणून.

पुढे घशाचे डॉक्टर झाले. स्वरतंतू ठणठणीत, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. चमच्याला कुठला आलाय घसा, हे त्यांना कोण विचारणार?

५

मग मी रेकॉर्डचं मोजमाप करायला बसलो. डोकं चालेना तेव्हा मला मोजलं की बरं वाटतं.

अण्णांच्या वाक्यांची ती बाजू सात मिनिटं दहा सेकंदांची आहे. मोटरचा वेग तपासायला आम्ही तिचाच वापर करतो, त्यामुळे हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. घड्याळ लावलं. सात मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

मोटर मंद झाली म्हणावं, तर अण्णांचा आवाज जाडा व्हायला हवा, तो जसाच्या तसा होता. तरी वेग तपासायची रेघांची चकती ठेवून दिव्याखाली बघितलं, रेघा जागच्या हलत नव्हत्या. पुन्हा घड्याळ लावलं. आठ मिनिटं एक सेकंद.

वाक्यावाक्यांमध्ये कोरी जागा असते, ती रेकॉर्डवर चकचकीत कड्यासारखी दिसते. मी पट्टी घेऊन मोजत गेलो. सगळी कडी सारखी होती. एकोणिसाव्या आणि विसाव्या वाक्यामधलं मात्र दुपटीनं रुंद. हरकत नाही म्हटलं, मग बाकीचं कुठेतरी अरुंद झालेलं असणार. नव्हतं. बाहेरचा घेर तेवढाच, मधली चिठ्ठी तेवढीच, सगळी वाक्यं जिथल्या तिथे, आणि तरी मध्ये जागा वाढली होती. मी तीनदा बेरीज केली. तीनदा तीच आली आणि तीनदा चुकीची आली.

मी हेडफोन चढवला आणि सुई नेमकी त्या कड्यावर टेकवली.

कोऱ्या जागेत शांतता नसते, ज्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं त्या खोलीचा एक आवाज असतो. तो आला. अण्णांचा श्वास आला. मग आणखी कुणाचा तरी, दबकत घेतलेला. तो दादाचा असू शकत होता, माझाही असू शकत होता. मला थोडं हसूसुद्धा आलं, की अण्णा, आम्ही पकडले गेलो शेवटी.

मग चमचा वाजला. तीनदा कपातून गोल, आणि कडेवर दोन टकटक.

त्या खोलीत कप नव्हता. चहा तर नव्हताच. आणि चमचा कुणाचा आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यामागून चपलांची फटफट आली, आमच्या दुकानाच्या उंबऱ्याशी येते तशी, आणि मग एका दमात, एकावर एक, कितीतरी सुटे सुटे स आणि श. मी हेडफोन ओढून काढला. आर्मही न उचलता मी सरळ प्लेअरच बंद केला.

६

रेकॉर्ड मी कपाटात, सुट्या भागांच्या खोक्याखाली ठेवून कुलूप लावलं. मला समजलेलं काही नव्हतं. एवढंच समजलं होतं की ती वाजली की दादा कमी होतो. तर ती वाजवायची नाही. साधा हिशेब.

दादानं रेकॉर्ड कुठे म्हणून हातवारे केले. मी म्हणालो, "काही दिवस सुया नुसत्या डोळ्यानं तपासू." त्यानं वाद घातला नाही. घालणार कशानं? आता त्याच्याजवळ घशातली खालची घरघर तेवढी उरली होती, बंद खोलीतून कुणी बोलावं तशी. खोकला तरी नुसती छाती हलायची. पण नऊ दिवस ती घरघर जशीच्या तशी राहिली. वाढली नाही आणि घटलीही नाही. मी रोज सकाळी त्याला "कसा आहेस?" विचारायचो ते ती ऐकायलाच. दहाव्या दिवशी मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं. मला खरोखरच वाटलं की मी माझ्या भावाला वाचवलं.

त्याच दिवशी वहिनी दुकानात आल्या. दादा पुढे गिऱ्हाईक बघत होता. त्या मागच्या खोलीत येऊन बसल्या, पदर हातात चुरगाळत.

"भाऊजी, यांचा जुना आवाज आहे का हो कुठे? टेपवर, कशावर?"

मी आठवून बघितलं. लग्नकार्यातल्या टेपा आम्हीच भरल्या, पण यंत्रापाशी दादा असायचा. यंत्रापाशी असणाऱ्याचा आवाज कुठे येतो? आयुष्यभर आवाजाचं दुकान चालवलं आणि त्याचा स्वतःचा एक शब्द आमच्याकडे नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"एवढं तरी असायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "चोवीस तास शेजारी असतात. पण असल्यासारखं वाटत नाही हो. कूस बदलतात तर पलंग वाजत नाही. यांचा आवाज कसा होता ते मी आठवायला बघते, आणि आठवत नाही."

त्या गेल्या आणि माझ्या डोक्यात आमच्या धंद्यातली गोष्ट आली. एखाद्याची दुर्मिळ रेकॉर्ड मरायला टेकली असेल तर ती रोज वाजवायची नाही. एकदाच वाजवायची, उत्तमातल्या उत्तम सुईनं, आणि टेपवर उतरवून घ्यायची. पुढे टेप ऐकायची आणि रेकॉर्डला हात लावायचा नाही. जुन्या गोल टोकानं जिथे घासलंय तिथे जायचंच नाही, निमुळतं टोक वापरायचं, ते खाचेत खोल बसतं, न झिजलेला भाग वाचतं. अशा कितीतरी रेकॉर्ड मी जगवल्या आहेत. लोक येऊन हात धरून आभार मानतात.

एकदाच, मी स्वतःला बजावलं. फक्त ते कडं.

७

बुधवारी दादाला मी घरीच राहायला सांगितलं. मागच्या खोलीत सकाळचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. निमुळती सुई आणली, नवी कोरी. सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, निर्दोष होती. नवी कॅसेट घातली, हेडफोन चढवला, टेप सुरू केली आणि सुई कड्याच्या काठावर सोडली.

चमचा आला. मग त्याचा खोकला, त्याच्या खुर्चीची करकर, त्याच्या किल्ल्यांचा जुडगा, त्याचं ते नाक फुगवून सोडलेलं हुं. सगळं एकामागून एक, नीट लावून ठेवल्यासारखं. मग त्याचा आवाज आला, शब्द नसलेला, काम करताना तो गुणगुणायचा तसा. मी तिथेच बसून रडलो, आनंदानं रडलो. वहिनींना हे द्यायचं होतं. टेपच्या यंत्रावरचा काटा डुलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

विसावं वाक्य येईना. आर्म आत सरकत होता आणि कडं संपत नव्हतं.

"छोट्या," दादा म्हणाला.

लहानपणीचा आवाज नव्हता तो. आत्ताचा होता, भरदार, एकसष्ट वर्षांचा.

"छोट्या, सुई उचल."

स स्वच्छ होता, सुरीसारखा. काटा लाल भागात गेला. आणि मी काय केलं, तर यंत्राचं बटण थोडं मागे फिरवलं, टेपवर स फाटू नये म्हणून. जन्मभराची सवय.

"सुई उचल. ऐक माझं. सुई उचल, सुई उचल, सुई..."

तेव्हा मी मान वर केली. दादा खोलीत होता. माझ्यापासून दोन हातांवर, टेबलाच्या पलीकडे. तो कधी आला, किती वेळ तिथे होता, मला माहीत नाही. एका हाताच्या मुठीनं तो टेबल बडवत होता. सुया ठेवायच्या काचेच्या बाटल्या प्रत्येक ठोक्याला उडत होत्या आणि त्यांचा आवाज होत नव्हता. त्याचे ओठ हलत होते आणि हेडफोनमधून येणारं बोलणं त्या ओठांना तंतोतंत लागू पडत होतं.

मी सुई उचलली.

ओठ थांबले. मूठ टेबलापासून वीतभर उंच थांबली. तो पडला नाही, कलला नाही. डोळे माझ्यावर होते, तोंड अर्धं उघडं होतं, आणि तो तसाच राहिला. मी हेडफोन मानेवर ओढला आणि हाका मारल्या. हात धरला, हात गरम होता. नाकाशी बोट धरलं, पण काय लागतंय आणि काय नाही ते मला ठरवता येईना. फक्त डोळ्यांची पापणी लवत नव्हती, एवढं नक्की.

मी परत प्लेअरपाशी गेलो. आर्म अगदी हळू खाली सोडला. सुई टेकली तशी मूठ खाली आली, ओठ जिथे थांबले होते तिथून पुढे हलले. मी पुन्हा उचलला. तो पुन्हा थांबला.

पुढच्या दारातून वहिनी आल्या. चपलांचा आवाज, पिशवीचा आवाज, सगळं वाजत आलं. "हे न सांगता निघून आले घरातून," असं त्या म्हणत होत्या, आणि मग खोलीच्या दारात थांबल्या. दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या आर्मकडे बघितलं.

"असे का उभे आहेत हे? काय केलंत तुम्ही?"

मी मानेवरचा हेडफोन काढला आणि त्यांच्या कानांवर चढवला. आर्म आणि शेवट यांच्यामध्ये किती जागा आहे ते मला दिसत होतं. ती बोटभरही नव्हती. मी सुई टेकवली.

दादा हलला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे, आणि बोलायला लागला. आता तो टेबल बडवत नव्हता. काय बोलत होता ते मला कळलं नाही, मला ऐकू येत नव्हतं. वहिनींच्या चेहऱ्यावरून एवढंच कळलं की बोलणं साधं असावं, घरचं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला.

"हो," त्या म्हणाल्या. "हो, येतंय ऐकू. सगळं येतंय."

मी आर्मखाली बोट धरून उभा होतो. उचललं तर तो थांबेल. नाही उचललं तर रेकॉर्ड संपेल. चाळीस वर्षं सुया उचलतोय आणि टेकवतोय, पण या बोटाला काय करायचं ते कळेना.

"भाऊजी, मध्येच बंद नका करू हं," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्या आता हसत होत्या. "यांचं अजून खूप बोलायचं राहिलंय."

आर्म आत सरकत होता.